घाटरस्त्यांवरील वाहनांची पकड व गतिरोध

वाहनाचे चाक रस्त्यावर न घसरता फिरत राहणे यास वाहनाची पकड म्हणतात आणि चालत्या वाहनाचा वेग कमी करून ते हव्या त्या ठिकाणी थांबविण्याच्या क्रियेस गतिरोध म्हणतात. या दोन्ही क्रिया अखेर चाक व रस्ता यांच्यातील घर्षणावर अवलंबून असतात. गतिरोधक कितीही उत्तम असला, तरी तो फक्त चाक थांबवू शकतो. वाहन थांबविण्याचे काम रस्त्याचा पृष्ठभाग करतो. पाणी, चिखल, तेल, गारा वा हिम यांचा थर मध्ये आला की, हे घर्षण घटते आणि रस्ता उताराचा असल्यास धोका अनेक पटींनी वाढतो. थंड देशांत हा प्रश्न मुख्यतः हिमाच्छादित रस्त्यांच्या संदर्भात अभ्यासला गेला. महाराष्ट्रात हिमवर्षाव होत नाही. तथापि सह्याद्री व अजिंठा डोंगररांगांतील घाटरस्ते पावसाळ्यात निसरडे होत असल्याने तोच प्रश्न येथे वेगळ्या रूपात उद्भवला. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथून खानदेशात उतरणारा कन्नडजवळील औट्रम घाट हे त्याचे ठळक उदाहरण होय.

मूलतत्त्वे : दोन पृष्ठभागांतील घर्षणप्रेरणा ही त्यांवरील लंब दाबाच्या प्रमाणात असते, हा नियम गीयोम आमाँताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ मध्ये मांडला आणि शार्ल कुलंब याने १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याचा विस्तार केला. घर्षणप्रेरणेचे लंब दाबाशी असलेले गुणोत्तर म्हणजे घर्षण गुणांक. रबरी टायर व कोरडा डांबरी रस्ता यांच्या बाबतीत तो सु. ०.७ ते ०.८, ओल्या रस्त्यावर सु. ०.४ ते ०.६, दाबल्या गेलेल्या हिमावर सु. ०.२ ते ०.३ आणि बर्फावर सु. ०.१ किंवा त्याहूनही कमी असतो. वितळू लागलेला बर्फ अधिक निसरडा असतो. कारण त्यावरील पाण्याचा पातळ थर वंगणासारखे काम करतो.

वाहन थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात व घर्षण गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ताशी ४० किमी. वेगाने जाणारे वाहन सपाट रस्त्यावर गतिरोधक लावल्यापासून थांबेपर्यंत गुणांक ०.७ असताना सु. ९ मी., ०.४ असताना सु. १६ मी., ०.२ असताना सु. ३१ मी. आणि ०.१ असताना सु. ६३ मी. जाते. चालकाला धोका दिसल्यापासून त्याचा पाय गतिरोधकावर पडेपर्यंत सु. एक सेकंद जातो, असे धरले तर आणखी ११ मी. अंतर यात मिळवावे लागते. उतारावर गुरुत्वाकर्षण वाहनाला पुढे ओढत असते, म्हणून उताराचे प्रमाण घर्षण गुणांकातून वजा होते. १५ स १ उताराच्या रस्त्यावर वरील अंतरे अनुक्रमे सु. १०, १९, ४७ व १९० मी. होतात. म्हणजे कोरड्या रस्त्यावर उताराने फारसा फरक पडत नाही, ओल्या रस्त्यावर तो जाणवतो आणि बर्फावर तो निर्णायक ठरतो. १० स १ उताराच्या बर्फाळ रस्त्यावर तर गतिरोधक लावलेले वाहनही थांबत नाही, ते घसरतच जाते.

न घसरणाऱ्या पृष्ठभागांतील स्थितिक घर्षण हे घसरणाऱ्या पृष्ठभागांतील गतिक घर्षणापेक्षा सामान्यतः जास्त असते. चाक फिरत असेपर्यंत त्याचा रस्त्याला टेकलेला भाग क्षणमात्र स्थिर असतो व अधिक पकड मिळते. चालकाने घाबरून गतिरोधक एकदम दाबला, तर चाके जखडतात, पकड कमी होते आणि पुढील चाकांना दिशा देण्याची क्षमता उरत नाही. सुकाणूचक्र फिरवूनही वाहन सरळ रेषेत घसरत जाते. मागील चाके आधी जखडल्यास वाहन स्वतःभोवती फिरते. वळणावर जाताना उपलब्ध घर्षणाचा काही भाग वाहन वळविण्यातच खर्ची पडतो. त्यामुळे गतिरोधासाठी उरणारा भाग कमी होतो. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणावर नव्हे, या सर्वत्र शिकविल्या जाणाऱ्या नियमाचे मूळ येथे आहे.

साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाताना टायराच्या खाचांतून पाणी पुरेसे बाहेर फेकले जात नाही आणि टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. विमानांच्या टायरांवर अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात झालेल्या संशोधनावरून हा वेग टायरातील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी निगडित असल्याचे आढळले. २०० किलोपास्कल दाबाच्या टायराच्या बाबतीत तो ताशी सु. ९० किमी. भरतो. झिजून गुळगुळीत झालेला टायर याहून कमी वेगातच तरंगतो.

बैलगाडीचा काळ : दख्खनच्या पठारावरून कोकणात व खानदेशात उतरणाऱ्या वाटा एकोणिसाव्या शतकापर्यंत मुख्यतः पाऊलवाटा व बैलवाटा होत्या. मीठ, धान्य व कापूस यांची वाहतूक लमाण-वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवरून करीत. चार पायांवर तोललेले, पाठीवर गोणी लादलेले जनावर ज्या खडकाळ वाटेने उतरू शकते, तेथे चाकाची गाडी उतरू शकत नाही. वंजाऱ्यांच्या बैलांनी घाटवाहतुकीत शतकानुशतके टिकून राहण्याचे हे एक कारण होते.

भरलेली गाडी चढवण्यापेक्षा उतरवणे अवघड असते. चढावर बैल थकले तर चाकामागे दगड लावून त्यांना विसावा देता येतो. उतारावर मात्र सर्व भार जुवावरून बैलांच्या मानेवर येतो आणि बैलांना गाडी ओढण्याऐवजी रोखून धरावी लागते. यासाठी एक चाक दोराने जखडून ते घसरत नेणे, गाडीमागे लाकडाचा ओंडका बांधून तो रस्त्यावर फरफटू देणे किंवा मागून माणसांनी दोर धरणे, असे उपाय जगात सर्वत्र योजले गेले. चाकावरील लोखंडी धाव ओल्या काळ्या खडकावर सहज घसरते, म्हणून पावसाळ्यात घाटातील गाडीवाहतूक जवळजवळ थांबत असे.

औरंगाबादच्या परिसरात दौलताबादहून खुलदाबादकडे चढणारा पिंपळघाट हा या काळातील रस्तेबांधणीचा उल्लेखनीय नमुना होय. औरंगजेबाच्या दरबारातील एका सरदाराने या चढाची फरसबंदी करून दिल्याची नोंद तेथील दोन स्तंभांवर असल्याचे जुन्या प्रवासमार्गदर्शकांत नमूद आहे. फरसबंदीमुळे चढ पावसाळ्यात चिखलमुक्त राहतो आणि दगडांच्या सांध्यांत जनावरांच्या खुरांना आधार मिळतो. कालांतराने वर्दळीने दगड गुळगुळीत होतात व तीच फरसबंदी निसरडी बनते. पकडीसाठी रस्त्याचा पृष्ठभाग टणक असण्याबरोबरच खरखरीतही राहिला पाहिजे, ही अडचण आधुनिक डांबरी रस्त्यांच्या बाबतीतही तशीच राहिली आहे.

बोरघाट व थळघाट : चाकाच्या वाहनांसाठी आखलेल्या घाटरस्त्यांचा महाराष्ट्रातील इतिहास बोरघाटापासून सुरू होतो. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या सुमारास जनरल आर्थर वेलस्ली याने १८०४ मध्ये तोफा नेण्यासाठी ही वाट सुधारून घेतली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत गाडीरस्ता तयार होऊन १० नोव्हेंबर १८३० रोजी तो वाहतुकीस खुला झाला. चढ सौम्य ठेवण्यासाठी रस्ता डोंगराच्या कुशीतून वळणे घेत नेणे, हे तत्त्व त्यात वापरले गेले. त्यामुळे अंतर वाढले. पण बैलांना भरलेली गाडी रोखून धरता येऊ लागली. घाटातील वळणे म्हणजे अडचण, असा प्रवाशांचा समज असला, तरी ती उतार विभागण्यासाठीच घातलेली असतात.

याच घाटांत लोहमार्ग नेताना हा प्रश्न अधिक तीव्र झाला. कारण पोलादी चाक व पोलादी रूळ यांच्यातील घर्षण रबर व रस्ता यांच्यातील घर्षणापेक्षा पुष्कळ कमी असते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये व थळघाटातील मार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. दोन्हींचा कमाल चढ ३७ स १ असा होता. गाडी अनावर झाल्यास तिला मुख्य मार्गावरून वळवून चढाच्या बाजूमार्गावर नेण्याची व तेथे तिचा वेग आपोआप संपविण्याची सोय करण्यात आली. या घाटमार्गांचे १९३० च्या सुमारास विद्युतीकरण झाले. त्यांवर वापरलेल्या विजेच्या मालवाहू एंजिनांत उतरताना चलित्राचे जनित्रात रूपांतर करून वेग रोखण्याची व निर्माण झालेली वीज तारेत परत देण्याची व्यवस्था होती. चढणाऱ्या बाजूमार्गाची कल्पना पुढे जगभर मोटाररस्त्यांवरही आली. अनेक देशांत लांब उतारांच्या बाजूला सैल खडी भरलेले, चढत जाणारे निसटमार्ग बांधतात. गतिरोधक निकामी झालेली मालमोटार त्यात शिरून रुतते व थांबते.

मोटारगाडी, टायर व गतिरोधक : जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये हवा भरलेल्या रबरी टायराचे एकस्व घेतले. पकडीच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. रबर रस्त्याच्या लहान-मोठ्या खळग्यांत दबून बसते व त्यामुळे लोखंडी धावेपेक्षा कितीतरी अधिक पकड मिळते. फ्रान्समध्ये ल्वी रनो याने १९०२ मध्ये ड्रमच्या आतून दाब देणारा गतिरोधक प्रचारात आणला; त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने चकती गतिरोधकाचे एकस्व घेतले. चारही चाकांवर द्रवीय दाबाने चालणारे गतिरोधक १९२० नंतर प्रवासी मोटारगाड्यांत येऊ लागले. त्यापूर्वी बहुतेक मोटारगाड्यांत ते फक्त मागील दोन चाकांवर असत. गतिरोध होत असताना वाहनाचा भार पुढील चाकांवर सरकतो व मागील चाके हलकी होतात. त्यामुळे केवळ मागील चाकांवरचे गतिरोधक निसरड्या उतारावर अपुरे पडत. जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ मध्ये रेल्वेसाठी शोधून काढलेला संपीडित हवेचा गतिरोधक पुढे मालमोटारी व बस यांतही वापरला जाऊ लागला.

घाटात ड्रम गतिरोधकाचा मोठा दोष उघड झाला. १६ टन वजनाची मालमोटार ताशी ४० किमी. वेगापासून थांबविण्यासाठी गतिरोधकांना सु. १० लाख जूल ऊर्जा शोषावी लागते. तीच मोटार २०० मी. उंचीचा घाट स्थिर वेगाने उतरली, तर स्थितिज ऊर्जेतील घट सु. ३ कोटी १४ लाख जूल, म्हणजे तीस पटींहून अधिक असते. एवढ्या उष्णतेने २०° से. तापमानाचे ९० लिटरांहून अधिक पाणी उकळीस आणता येईल. एंजिनाचा रोध न वापरता ही सारी ऊर्जा गतिरोधकांवर टाकली, तर अस्तरे तापून त्यांचे घर्षण घटते, ड्रम प्रसरण पावून अस्तरांपासून दूर जातो आणि द्रवीय रचनेतील द्रव उकळून त्यात बुडबुडे होतात. पायाखालील पट्टी खोल जाते, पण वाहन थांबत नाही. घाटाच्या पायथ्याशी होणाऱ्या अनेक अपघातांत ‘ब्रेक निकामी’ असे जे कारण सांगितले जाते, त्यामागे बहुधा गतिरोधक तुटणे नसून तो तापणे असते.

यावरील उपाय फार जुना व साधा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असे चालकांना शिकविले जाते. खालच्या गिअरमध्ये एंजिनच वाहनाला मागे खेचते व गतिरोधक थंड राहतात. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घाट उतरण्याची सवय म्हणूनच प्राणघातक ठरते. या सवयीत वाचणारे इंधन काही थेंबांचे असते. गमावला जातो तो एंजिनाचा संपूर्ण रोध. आधुनिक डीझेल एंजिनांत तर खालच्या गिअरमध्ये उतरताना इंधनपुरवठा आपोआप बंद होत असल्याने न्यूट्रलने इंधन वाचत नाही, उलट थोडे अधिक जळते. निसरड्या रस्त्यावर एंजिनाचा रोधही बेताने वापरावा लागतो. गिअर एकदम खाली आणल्यास चालक चाके गतिरोधक लावल्याप्रमाणे घसरू शकतात.

मराठवाड्यातील घाट : सातमाळा-अजिंठा डोंगररांग तापी व गोदावरी यांची खोरी अलग करते. या रांगेच्या दक्षिणेस पठार हळूहळू उतरत जाते, तर उत्तरेस ते खानदेशच्या मैदानात एकदम कोसळते. त्यामुळे औरंगाबादहून उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येक मार्गाला घाट उतरावा लागतो. कन्नड व चाळीसगाव यांमधील घाटास जेम्स औट्रम (१८०३–६३) या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचे नाव मिळाले. त्याने १८२५ पासून खानदेशात भिल्ल पलटण उभी केली होती. १८१८ नंतर खानदेश ब्रिटिशांच्या व औरंगाबाद निजामाच्या अंमलाखाली असल्याने हा घाट दोन राज्यांच्या सीमेवरील दुवा होता. घाटाभोवतीचे वन १९८६ मध्ये गौताळा-औट्रमघाट अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. अजिंठ्याजवळील फर्दापूरचा घाट व शहराजवळील चौक्याचा घाट हे जळगाव मार्गावरील उतार आहेत.

औरंगाबाद १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाड व सिकंदराबाद यांस जोडले गेले. तोपर्यंत मुंबईकडून येणारे प्रवासी नांदगाव स्थानकावर उतरून टांग्याने प्रवास करीत. निजामाच्या राज्य रेल्वेने १९३२ मध्ये बसवाहतूक सुरू केली आणि मराठवाड्याच्या रस्त्यांवर सार्वजनिक मोटारवाहतुकीचे युग आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला; पुढे १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक औरंगाबादजवळ चिकलठाणा येथे उभारण्यात आली.

धुळे-सोलापूर हा महामार्ग औट्रम घाटातून गेल्याने त्यावर उत्तर व दक्षिण भारतांतील अवजड मालवाहतुकीचा भार पडला. बैलगाडीच्या गरजेप्रमाणे आखलेल्या अरुंद वळणांवर लांब मालमोटारी व जोडवाहने अडू लागली. चढावर अडलेल्या मोटारीच्या चाकामागे क्लीनरने लावलेला दगड मोटार निघून गेल्यावर रस्त्यातच राहतो आणि अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततो. एक मोटार आडवी झाली की, दोन्ही बाजूंस तासन्‌तास रांगा लागतात आणि त्यांत प्रवासी गाड्यांबरोबर रुग्णवाहिकाही अडकतात. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीमुळे या घाटात अनेक ठिकाणी दरडी कोसळून मार्ग बंद पडला. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने घाटातील अवजड वाहतुकीस बंदी करण्यात आली व ती इतर मार्गांनी वळविण्यात आली. घाटाखालून बोगदा नेण्याची योजना अनेक वर्षे विचाराधीन राहिली.

मराठवाड्यातील रस्ते निसरडे होण्याची कारणे सह्याद्रीतील कारणांहून काहीशी निराळी आहेत. सह्याद्रीच्या घाटांत पाऊस महिनोन्‌महिने पडतो. रस्ता ओला असला, तरी तो वारंवार धुतला जातो. मराठवाड्यात पाऊस कमी व खंड पडून येतो. दोन सरींमधील काळात रस्त्यावर धूळ, तेल व झिजलेल्या रबराची भुकटी साचते आणि पुढच्या हलक्या सरीने तिचा बुळबुळीत लेप तयार होतो. यामुळे मृगाच्या पहिल्या सरींत रस्ता सर्वाधिक घातक असतो. जोराचा पाऊस झाल्यावर तो काहीसा सुधारतो. शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर व बैलगाड्या आपल्या चाकांबरोबर काळी माती डांबरी रस्त्यावर आणतात. ही चिकणमाती भिजली की, टायराच्या खाचा भरून टाकते आणि नवा टायरही झिजलेल्या टायराप्रमाणे घसरतो.

फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत होणारी गारपीट हा मराठवाड्याला हिमाच्छादित रस्त्याचा अनुभव देणारा एकमेव प्रसंग होय. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात व विदर्भात झालेल्या गारपिटीने पिकांची मोठी हानी केली व ठिकठिकाणी जमीन पांढरी झाली. गारांच्या थरावर चाक रस्त्याला टेकतच नाही आणि गारा वितळताना त्यांखाली पाण्याचा थर तयार होतो. अशा वेळी वेग हळूहळू कमी करून सुरक्षित जागी थांबणे व थर विरघळेपर्यंत वाट पाहणे, हाच उपाय उरतो.

हिमाच्छादित रस्ते : थंड देशांत पकड वाढविण्यासाठी प्रथम टायरावर साखळ्या बांधण्यात आल्या. अमेरिकेत हॅरी वीड याने १९०४ मध्ये अशा साखळ्यांचे एकस्व घेतले. फिनलंडमध्ये १९३४ मध्ये मालमोटारींसाठी व १९३६ मध्ये प्रवासी मोटारींसाठी हिवाळी टायर तयार करण्यात आला. सामान्य टायराचे रबर थंडीत कडक होते व रस्त्याच्या खळग्यांत दबत नाही. हिवाळी टायरात मऊ राहणारे मिश्रण व बारीक चिरांचा पृष्ठभाग योजतात. रस्त्यावर मीठ टाकल्यास पाण्याचा गोठणबिंदू उतरतो व बर्फ वितळतो. वाळू टाकल्यास घर्षण वाढते.

भारतात ही समस्या हिमालयातील रस्त्यांपुरती मर्यादित आहे. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सु. ३,५०० मी. उंचीच्या झोजी खिंडीतून भारतीय सैन्याने रणगाडे नेले, तेव्हा हिमातून अवजड वाहने नेण्याचा प्रश्न लष्करी इतिहासाचा भाग बनला. या भागातील रस्ते बांधण्यासाठी व हिम काढून ते खुले ठेवण्यासाठी १९६० मध्ये सीमा रस्ते संघटना स्थापन झाली. तिच्या जनरल रिझर्व्ह एंजिनिअर फोर्स या दलाचे केंद्र पुण्यात आहे. लष्करी वाहनांच्या संशोधनाची संस्था अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे असून वाहनांच्या चाचण्यांसाठी पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही प्रमुख संस्था आहे. हिमाळ प्रदेशात चालणाऱ्या वाहनांच्या कसोट्यांशी महाराष्ट्राचा असा निकटचा संबंध आहे.

चाक न जखडणारा गतिरोध : चाक जखडण्यापूर्वीच गतिरोधक क्षणभर सैल करून पुन्हा लावला, तर जास्तीत जास्त पकड मिळते व सुकाणूही हाती राहते. कुशल चालक हे पायाने करीत. तेच काम यंत्राकडे देण्याचे प्रयत्न प्रथम विमानांसाठी झाले. १९५० नंतरच्या दशकात डनलॉप कंपनीची अशी यंत्रणा विमानांत वापरात आली. १९६६ मध्ये ती जेन्सन या ब्रिटिश मोटारीत बसविण्यात आली. १९७८ मध्ये बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनीय यंत्रणा मर्सिडीज-बेंझ मोटारींत आली व पुढे तिचा सर्वत्र प्रसार झाला. ‘एबीएस’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यामुळे निसरड्या रस्त्यावर वाहन वळविता येते; तथापि ती घर्षण निर्माण करीत नाही. सैल हिम वा खडी यांवर जखडलेल्या चाकापुढे ढीग साचून वाहन लवकर थांबते, तर एबीएस असलेल्या वाहनाचे थांबण्याचे अंतर तेथे उलट वाढू शकते.

भारतात नव्या प्रवासी मोटारगाड्यांना व १२५ घसेंमी.हून अधिक क्षमतेच्या दुचाकींना एबीएस बसविणे एप्रिल २०१८ पासून टप्प्याटप्प्याने, व एप्रिल २०१९ पासून सरसकट, सक्तीचे झाले. त्याहून लहान दुचाकींना पुढील व मागील चाकांचा संयुक्त गतिरोध आवश्यक ठरला. छत्रपती संभाजीनगरच्या उद्योगांशी या बदलाचा निकटचा संबंध आहे. वाळूज येथे बजाज ऑटो कंपनीचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास तेथे उभ्या राहिलेल्या एंड्युरन्स या कंपनीने पुढे दुचाकींच्या चकती गतिरोधकांच्या उत्पादनात मोठे स्थान मिळविले. शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडा या चेक कंपनीच्या मोटारींची जुळणी होऊ लागली. मध्य यूरोपातील हिवाळा सोसण्यासाठी आखलेल्या या मोटारी जेथे कधी हिम पडत नाही, अशा पठारावर तयार होऊ लागल्या.

रस्तेबांधणी व नियम : मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींनुसार भारतात १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी व १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था अस्तित्वात आली. या संस्थेच्या मानकांनुसार डोंगराळ भागात सामान्य चढ २० स १ पेक्षा तीव्र नसावा. वळणावर रस्त्याची बाहेरील बाजू उचलणे, पाण्याचा निचरा डोंगराच्या बाजूच्या गटारात करणे, वळणावर अधिक रुंदी देणे व पृष्ठभाग खरखरीत ठेवणे, या गोष्टी पकडीच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. महाराष्ट्रात खडीसाठी मुख्यतः बेसाल्ट वापरतात. तो मजबूत असला, तरी वर्दळीने त्याच्या कडा घासून गुळगुळीत होतात व वरचा थर वेळोवेळी नवा करावा लागतो.

अरुंद घाटात उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्या वाहनास वाट द्यावी, असा नियम मोटार वाहन कायदा, १९८८ खालील १९८९ च्या विनियमांत घालण्यात आला व नंतरच्या विनियमांतही तो कायम राहिला. चढावर थांबलेले भरलेले वाहन पुन्हा हलविणे अवघड असते, विशेषतः रस्ता ओला असल्यास त्याची चालक चाके जागच्या जागी फिरतात. उतरणाऱ्याला थांबून पुन्हा निघणे सोपे असते. तथापि उतरणाऱ्याला थांबता आले पाहिजे, हे त्यात गृहीत आहे. आणि ते घाटमाथ्यावर निवडलेल्या गिअरवरच अवलंबून असते. अतिरिक्त भार, झिजलेले टायर व तापलेले गतिरोधक यांपैकी एखादा दोषही असल्यास हा नियम पाळणे चालकाच्या हाती उरत नाही.

अलीकडे घाट टाळण्याकडे रस्तेबांधणीचा कल आहे. २०२० मध्ये खुल्या झालेल्या सु. ९ किमी. लांबीच्या अटल बोगद्याने रोहतांग खिंडीतील हिमाच्छादित मार्ग टळला. छत्रपती संभाजीनगरजवळून जाणारा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग इगतपुरी-कसारा भागात सु. ८ किमी. लांबीच्या जुळ्या बोगद्यांतून कोकणात उतरतो. हा मार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला. बोगद्यांमुळे उतार सौम्य होतो व पृष्ठभाग पावसापासून सुरक्षित राहतो. परंतु बोगद्यातील कोरड्या रस्त्यावरून बाहेरच्या ओल्या रस्त्यावर येताना पकड अचानक घटते. हिम असो वा पाऊस, अशा ठिकाणी वेग आधीच कमी करण्याचा जुना नियम चालकाला पाळावा लागतो.